उभी राहून गेलेली एमजीबी परत चालती करताना: चावीला हात लावायच्या आधी काय काय

"उभी केली तेव्हा चालू होती हो." जुनी गाडी विकणारा प्रत्येक माणूस हे म्हणतो आणि गंमत अशी की बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. गाडी चालून चालून खराब झालेली नसते, उभी राहून झालेली असते. आणि उभी राहिलेल्या गाडीचा आजार वेगळा असतो, जे जे हलायला पाहिजे ते ते जिथे होतं तिथे चिकटून बसतं: पिस्टन, व्हॉल्व्ह, पेट्रोल पंपाचे पॉइंट, कार्बोरेटरची सुई, क्लच प्लेट, ब्रेकचे पिस्टन. तुम्ही चावी फिरवली की यातल्या बऱ्याच गोष्टींना एकदम, जोर लावून हलवायचा प्रयत्न होतो. आपल्याला करायचंय ते उलटं, एकेक गोष्ट वेगळी, हाताने, हळू सोडवायची आणि चावी सगळ्यात शेवटी.

मी हे एमजीबी धरून लिहितोय कारण माझे हात तिच्यातच काळे झालेत. १९६२ ते १९८० ही स्पोर्ट्स गाडी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती, उघडी रोडस्टर आणि छपराची जीटी मिळून पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे पार्ट अजूनही मिळतात, आणि १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन इतकं सरळ आहे की मॅन्युअल समोर ठेवून शिकता येतं. तुमच्याकडे ट्रायम्फ असो, फियाट असो नाहीतर अल्फा, क्रम हाच राहतो, आकडे तेवढे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

पहिल्या गाडीला मी काय केलं ते आधी सांगून टाकतो. गाडी दुपारी आली, संध्याकाळपर्यंत दम निघेना, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली आणि सेल्फ मारला. इंजिन चार-पाच वेळा फिरलं, मला वाटलं वा, आणि मग एक कट्ट असा आवाज. रॉकर कव्हर उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला आणि त्याचा पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा, धनुष्यासारखा वाकलेला. अर्धा तास धीर धरला असता तर दोन थेंब ऑइलने सुटला असता तो व्हॉल्व्ह.

आधी नुसतं बघा

पहिल्या दिवशी पाना हातात घ्यायचाच नाही. टॉर्च, वही आणि मोबाइलचा कॅमेरा. बोनेटखालचा प्रत्येक पाइप, प्रत्येक वायर, प्रत्येक स्प्रिंग कुठे लागलीय त्याचे फोटो काढा, चार महिन्यांनी तो वॉशर कुठचा होता हे तुम्हाला आठवणार नाही, नाहीच आठवत. मग वास घ्या. सडलेल्या पेट्रोलला पेट्रोलचा वास येत नाही, जुन्या व्हार्निशच्या डब्यासारखा येतो. केबिनमध्ये पेडलच्या मागे रंग पोपडे धरून सुटलेला दिसला तर ब्रेक किंवा क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून ऑइल गळून खाली उतरलंय, कारण ब्रेक ऑइल रंग खातं.

उंदीर. हे लोक विसरतात. एअर फिल्टरच्या डब्यात, हीटरच्या डब्यात, सायलेन्सरच्या तोंडात, सीटच्या फोममध्ये सगळीकडे घरटी सापडतात. दुसऱ्या गाडीच्या एअर फिल्टरमधून मी मूठभर कापूस, सीटचा फोम आणि चावलेल्या वायरचं कव्हर काढलं, ती वायर कुठली हे शोधायला आख्खा एक रविवार गेला. उंदराची घाण साफ करताना मास्क आणि हातमोजे घाला, कोरडी झाडू नका, आधी ओली करा.

आणि मग गंज. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, दरवाज्याखालच्या पट्ट्या, म्हणजे सिल, गाडीचा भार उचलतात. एक साधी परीक्षा आहे: दरवाजा नीट उघडतो-लागतो का बघा, मग त्या बाजूने जॅक लावून गाडी थोडीशी उचला आणि परत दरवाजा लावून बघा. वरची फट एकदम बदलली किंवा दरवाजा अडकायला लागला तर गाडी मधून वाकतेय, सिल आतून संपलेत. अशा गाडीत इंजिन सुरू करण्याआधी वेल्डिंगचा विचार करावा लागेल, नुसतं इंजिन चालवून उपयोग नाही. जॅक लावायची जागाच गंजून मऊ झालेली असू शकते म्हणून पहिल्यांदा जॅक लावताना गाडीखाली कोणी जायचं नाही, आणि पुढे कधीही, कधीही म्हणजे कधीही, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, खाली चांगले स्टँड हवेत.

आग विझवायचा पावडरचा किंवा फोमचा सिलिंडर पहिल्याच दिवशी आणून हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकत नाहीत.

इंजिन हाताने फिरवणं

बॅटरीचा संबंध नाही अजून. चारही प्लग काढायच्या आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ, वाळू हवा मारून उडवा नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. प्लग काढून क्रमाने ठेवा, ते बोलतात: कोरडा करडा-तपकिरी असेल तर ते सिलिंडर शेवटपर्यंत बरं चालत होतं, काळा ओला तेलकट असेल तर तिथे लक्ष ठेवायचं, आणि गंजाचा लाल डाग असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी गेलंय.

प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळून वापरतात लोक, जाम इंजिनला ते चांगलं लागू पडतं, पण ॲसिटोन पेटतं आणि रंगही उतरवतं हे ध्यानात ठेवा. नुसतं एटीएफ किंवा गंज सोडवायचं ऑइल टाकलं तरी चालतं, वेळ जास्त द्यावा लागतो इतकंच. टाकून किमान एक रात्र, जमलं तर चार दिवस सोडून द्या, रोज थोडं थोडं घालत राहा. त्या चार दिवसांत करायला दुसरी ढीगभर कामं आहेत.

या वेळात रॉकर कव्हर उघडा. रॉकर (पुशरॉडने हलून व्हॉल्व्ह दाबणारे आडवे तुकडे), स्प्रिंग, व्हॉल्व्हचे दांडे यांच्यावर ऑइल ओता. लाकडाच्या हातोडीने, किंवा हातोडीच्या मुठीने, प्रत्येक रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकावर हलकीशी टिचकी मारा, व्हॉल्व्ह जरा खाली जाऊन टपकन वर आला पाहिजे. जो हळू येतो किंवा येतच नाही तो चिकटलाय, त्याला ऑइल आणि वेळ, घाई नको. एखादा पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याच्या व्हॉल्व्हला जोरात ठोकू नका.

मग फिरवायचं. गाडी न्यूट्रलला, क्रँक पुलीच्या नटला मोठा पाना किंवा सॉकेट लावून, लांब दांडा नाही, हाताला जाणवेल एवढाच जोर. फिरायच्या दिशेलाच, म्हणजे पुढून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे. थोडंसं हललं की थांबा, उलट थोडं, परत पुढे, परत ऑइल. दुसरी पद्धत म्हणजे चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी मागेपुढे झुलवायची. दोन्हींनी सुटत नसेल तर आणखी आठवडाभर भिजत ठेवा. ट्रॅक्टरला बांधून दुसऱ्या गिअरमध्ये ओढायचे किस्से मी ऐकलेत, त्यात रिंग तुटलेल्याचे किस्सेही असतात पण ते कोणी तेवढ्या रंगवून सांगत नाही.

फिरायला लागलं की कोणीतरी पाना फिरवू दे आणि तुम्ही रॉकरकडे बघत राहा. आठही रॉकर खाली-वर व्हायला हवेत, आणि वर आलेल्या रॉकरमध्ये थोडी फट जाणवायला हवी. दोन पूर्ण फेरे सरळ मोकळे फिरले की पहिली लढाई जिंकलात. प्लगच्या भोकांवर फडकं टाकून ठेवा, आत टाकलेलं ऑइल पिचकारीसारखं उडतं. आणि ते ऑइल बाहेर निघाल्याशिवाय प्लग परत लावून सेल्फ मारायचा नाही, द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइल आणि त्याचं प्रेशर

इंजिनाखालच्या चेंबरमधलं जुनं ऑइल काढा, काढताना पहिल्या धारेकडे बघा. आधी नुसतं पाणी आलं तर चेंबरच्या तळाशी साचलेलं होतं, ऑइल दुधाळ चहासारखं असेल तर हेडचं पॅकिंग किंवा काहीतरी वाईट. फिल्टर बदला, २०-५० चं साधं मिनरल ऑइल साधारण सव्वाचार लिटर घाला. जुन्या इंजिनला झिंक जास्त असलेलं, म्हणजे क्लासिक गाड्यांसाठी म्हणून मिळतं ते घ्या, कारण कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात, रोलर नाही.

आता या इंजिनाची एक खोड आहे. खूप दिवस उभं राहिलं की ऑइल पंप कोरडा पडतो आणि नुसता फिरवला तरी ऑइल उचलतच नाही. मग काय करायचं, ऑइल कूलरला जाणारा पाइप इंजिनाच्या बाजूला सोडवायचा, छोटा फनेल लावून त्यातून पंपाकडे ऑइल भरायचं, परत घट्ट करायचं, आणि प्लग काढलेल्या अवस्थेतच सेल्फ दहा-दहा सेकंद मारायचा, मध्ये सेल्फला थंड होऊ द्यायचं. गेजची सुई उचलली पाहिजे आणि रॉकरवर ऑइल झिरपताना दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. पण यासाठी बॅटरी लागणार, आणि बॅटरी लावण्याआधी पुढचं वाचा.

करंट

पहिला प्रश्न: तुमच्या गाडीची बॅटरी कुठल्या टोकाने बॉडीला जोडलीय? १९६७ पर्यंतच्या एमजीबीत प्लस टोक बॉडीला असतं, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलटं, त्यानंतर डायनामो जाऊन अल्टरनेटर आला आणि मायनस बॉडीला गेलं. शिवाय मधल्या मालकाने कधीतरी बदललेलं असू शकतं. अंदाजाने लावू नका, अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलेलं असेल तर उलट्या बॅटरीने ते क्षणात जातं. १९७४ पर्यंत सीटच्या मागे, फळीखाली, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असायच्या, बरेच जण तिथे १२ ची एकच बसवून मोकळे होतात, तसंही चालतं, ती तिथे घट्ट बसतेय ना आणि टोकं झाकलीत ना एवढं बघा.

आता जिने माझ्या दोन तरी गाड्या जळण्यापासून वाचवल्यात ती युक्ती. या गाडीतल्या जाड तपकिरी वायरींना फ्यूज नसतो, बॅटरीपासून सरळ. त्यामुळे उंदराने चावलेली एक वायर बॉडीला टेकली तर आख्खा हारनेस, म्हणजे वायरींचा जुडगा, भट्टीसारखा तापतो. म्हणून पहिल्यांदा बॅटरी सरळ लावायचीच नाही, बॅटरीचं एक टोक आणि त्याची केबल यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडायचा. सगळे स्विच बंद. बल्ब लागला नाही तर ठीक. भसकन पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण वायर जळणार नाही, करंट बल्बने अडवलाय. मग एकेक वायर सोडवत जा, ज्या क्षणी बल्ब विझेल ती वायर तुमची. नंतर चावी लावा, दिवे लावा, बल्ब कमी-जास्त पेटताना बघून कुठे काय चालू आहे ते कळत जातं. मंद पेटला म्हणून घाबरू नका, कुठलं तरी घड्याळ किंवा केबिनचा दिवा असेल.

बाकी नव्वद टक्के इलेक्ट्रिकचे प्रॉब्लेम म्हणजे हिरवे झालेले जोड आणि गंजलेलं अर्थिंग, हे माझं मत, आकडा मोजलेला नाही. इलेक्ट्रिकचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीला लोक शिव्या देतात पण पन्नास वर्षं जुन्या पितळी जोडाने किती करायचं. गोळीसारखे गोल जोड असतात ते एकेक ओढून, पॉलिश पेपरने घासून, परत घट्ट बसवा. इंजिन ते बॉडी जाणारी जाड अर्थिंगची पट्टी बघा, ती तुटलेली असेल तर करंट चोक केबलमधून वाट शोधतो आणि केबल लाल होते.

स्पार्क

डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढा. पॉइंटवर वर्षानुवर्षं बसून एक पातळ थर चढतो, डोळ्याला दिसत नाही पण करंट अडवतो. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन टोकांमध्ये धरून तीनचारदा ओढा, मग स्वच्छ कोरड्या कागदाची पट्टी. गॅप फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, आणि तो पॉइंट पूर्ण उघडा असताना, म्हणजे कॅमच्या टोकावर. खरं तर नवीन पॉइंट आणि कंडेन्सर टाका, पण जुने चालत असतील तर फेकू नका, कधी कधी नवीन कंडेन्सरच पहिल्या आठवड्यात जातो. रोटर आणि झाकण आतून बघा, झाकणावर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर तिथून स्पार्क पळतोय, झाकण बदला.

प्लगचा गॅप ०.६४ मिलिमीटर. वायरींचा क्रम १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, या दोन गोष्टी एका कागदावर लिहून बोनेटच्या आत चिकटवा. मी एकदा क्रम बरोबर लावला पण दिशा चुकवली, कार्बोरेटरमधून असा भडका बाहेर आला की भुवया गेल्या.

टायमिंग स्थिर अवस्थेत एका छोट्या बल्बने लावता येतं: कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरला जाणाऱ्या टोकाला एक वायर, दुसरी बॉडीला, चावी ऑन. पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणा (सुरुवातीच्या बऱ्याच एमजीबीला १० अंश आधी, पण तुमच्या इंजिन नंबरप्रमाणे बघा) आणि डिस्ट्रिब्यूटर सावकाश फिरवा, पॉइंट उघडला की बल्ब लागतो. तिथेच घट्ट करा. सुरू व्हायला एवढं पुरतं.

पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा, नव्यात मिसळून खपवू नका. मोकळ्या हवेत, आसपास कुठलीही ठिणगी नाही, बॅटरी सोडलेली, आणि डबा धातूचा. टाकीत टॉर्च टाकून (ठिणगी न उडवणारी) आत बघा. तांबूस भुकटी असेल तर टाकी उतरवून साफ करावी लागेल, तळाशी डांबरासारखा काळा थर असेल तर बहुतेक नवीन टाकीच बरी. सगळे रबरी पाइप न बघता बदला. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने आतून फुगतं, सुटतं, त्यामुळे इथेनॉलला चालणारा पाइप मागून घ्या, पाइपवर छापलेलं असतं.

एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप गाडीच्या मागच्या भागात असतो. चावी ऑन केली की टिकटिक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. टिकटिक नाही आली तर बहुधा त्याच्या आतल्या पॉइंटवर तोच अदृश्य थर आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपाला एक टिचकी मारा, पुष्कळदा लगेच जागा होतो, जुने एमजीवाले हे काम गाडीत बसल्या बसल्या पाय आपटूनही करतात. पण टिचकीवर भरवसा ठेवून लांब जाऊ नका, पॉइंट साफ करा. उलट टिकटिक थांबतच नसेल तर एकतर पेट्रोल येत नाही किंवा ते कुठेतरी बाहेर जातंय, लगेच चावी बंद करा आणि बघा.

कार्बोरेटर बहुतेक एमजीबीत दोन असतात, एसयूचेच. वरचं घुमटासारखं झाकण आणि आतला पिस्टन ही जोडी एकमेकांशी जमवलेली असते, म्हणून एका वेळी एकच कार्बोरेटर उघडा, पुढच्याचं मागच्याला घालू नका. थिनर किंवा कार्बोरेटर क्लीनरने पुसा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. पिस्टन बोटाने उचलून सोडला की खाली येऊन ठक्क आवाज यायला हवा, अडखळत आला तर घाण आहे किंवा जेट (पिस्टनची सुई जाते ती नळी) मध्यावर नाही. पिस्टनची सुई अगदी नाजूक समजा, ती वाकली तर ट्यूनिंग विसरा. घुमटाच्या आत २० नंबरचं पातळ ऑइल घाला, वरचा डॅम्पर परत घालताना शेवटच्या अर्ध्या इंचात जडपणा जाणवला की पुरे.

फ्लोटच्या डब्यातली, म्हणजे कार्बोरेटरला लागून जिथे पेट्रोल साठतं तिथली, सुई हा खरा धोका. ती चिकटून उघडी राहिली की पेट्रोल वाहतच राहतं, आणि या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक आहेत, म्हणजे ओसंडलेलं पेट्रोल कुठे पडेल ते बघा. दोन्ही डबे उघडून तळाचा गाळ काढा, सुई आणि तिचं बसायचं भोक नवीन टाका, मग इंजिन न सुरू करता फक्त पंप दोन मिनिटं चालवा आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरून बघा. कोरडा राहिला पाहिजे. चोक ओढून परत ढकलल्यावर जेट पूर्ण वर बसतोय ना तेही खालून हात लावून बघा, तो अर्ध्यात अडकतो.

पाणी

रेडिएटर, इंजिन ब्लॉकमधलं पाणी काढायची तोटी (गाळाने हमखास बुजलेली, तार घालून मोकळी करा), सगळे होज, थर्मोस्टॅट. नळाच्या पाण्याने उलट्या दिशेने धुवा म्हणजे खालून वर, स्वच्छ येईपर्यंत. ब्लॉकच्या बाजूला असलेल्या गोल पत्र्याच्या बिल्ल्यांभोवती तांबडी कड दिसली तर ते गळणार, आत्ताच बदला, गाडी तापल्यावर ते कळण्यात मजा नाही. वॉटर पंपाचा शाफ्ट हाताने हलवून बघा, खेळ असेल तर बदली.

आता चावी

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या, प्लग काढलेले, अॅक्सिलेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एखादा बराच कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा, वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. उभ्या राहिलेल्या गाडीत पहिल्या दिवशी आकडे वाईट आले तरी हेड उतरवू नका, तासभर चाललं की रिंग मोकळ्या होऊन आकडे सुधारतात, हे मी तीनदा बघितलंय.

पहिल्यांदा सुरू करताना गाडी मोकळ्यावर, चाकांना ओंडके, न्यूट्रल, एक माणूस आग विझवायच्या सिलिंडरसकट बाहेर आणि दुसरा आत. टाकीवर विश्वास नसेल तर छोट्या डब्यातून पेट्रोल द्या, पण डबा इंजिनवर ठेवू नका. चोक पूर्ण ओढा, सेल्फ. सुरू झालं की पहिली नजर ऑइल गेजवर, दहा सेकंदांत सुई उठली नाही तर बंद. थंड असताना पन्नासच्या वर जाईल, गरम होऊन आयडलवर १० ते २५ पीएसआय आणि चालताना ५० ते ८० राहिलं तर इंजिन चांगलं आहे. धूर भरपूर येणार, सिलिंडरमध्ये ओतलेलं ऑइलच जळतंय, दहा मिनिटं द्या. त्यानंतरही निळा येत राहिला किंवा गोड वासाचा पांढरा यायला लागला तर विचार करा.

माझ्या दुसऱ्या गाडीला सात वेळा सेल्फ मारला, आठव्या वेळी एका सिलिंडरने फाट केलं, मग दोघांनी, आणि मग ती एकदम घशात काहीतरी अडकल्यासारखी खोकत चारही वर आली. सायलेन्सरमधून अक्रोडाची टरफलं उडाली, उंदरांचं शेवटचं सामान.

पण अजून हलवायची नाही

इंजिन सुरू झालं की माणसाला गिअर टाकायचा मोह आवरत नाही, आणि खरे अपघात इथे होतात, कारण इंजिन नीट असतं आणि ब्रेक नसतो. ब्रेकचं काम मी खरं तर इंजिनाच्या आधीच करतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी सिलिंडर आतून गंजवतं. पेडल कडक लागतंय म्हणून फसू नका, जुनं सील पहिल्या दहा दाबांत ठीक असतं आणि अकराव्याला उलटतं.

तीनही रबरी होज बदला, बाहेरून चांगले दिसले तरी, ते आतून सुजतात, मग दाब पुढे जातो पण परत येत नाही आणि ते चाक धरून ठेवतं. मास्टर सिलिंडर, मागच्या ड्रममधले सिलिंडर नवीन, एवढी सरळ गोष्ट आहे की रिपेअर किटमध्ये वेळ घालवू नये असं माझं मत. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन अडकला असेल तर हवेच्या कॉम्प्रेसरने उडवू नका, तो गोळीसारखा सुटतो, बोटं जातात. ग्रीस गन जोडून दाब द्या, हळू आणि ताब्यात बाहेर येतो. धातूचे पाइप गंजलेले असतील तर तांबं-निकेलचे घाला. नवीन ब्रेक ऑइल डॉट ४, सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढत या.

क्लच पेडल दाबूनही गिअर पडत नाही, खरखर करतो, असं झालं तर आधी क्लचच्या सिलिंडरमधली हवा काढा. तरी नाही तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीय. इंजिन चांगलं गरम करा, बंद करा, मोकळी लांब जागा समोर असेल तिथे वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच पूर्ण दाबून धरून सेल्फवर सुरू करा, गाडी गचके देत पुढे जाईल, मग ब्रेक (जो तुम्ही आधीच नीट केलाय) आणि अॅक्सिलेटर आळीपाळीने, एकदम कट्ट होऊन सुटते. नाही सुटली तर पेडल फळीने दाबून रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी परत. तेही फेल गेलं तर इंजिन बाहेर, उपाय नाही.

टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून वापरू नका. बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा, सरळ फेका. तारेची चाकं असतील तर मधला मोठा नट सोडवायची दिशा दोन्ही बाजूंना वेगळी असते, पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने सोडवायचा, उलटा मारत बसलात तर घट्टच होत जातो. चाक काढल्यावर आतले दाते बोटाने बघा, धारदार टोकदार झाले असतील तर चाक आणि हब दोन्ही संपलंय. तारांवर चमच्याने वाजवत जा, सैल तार भद्द बोलते.

पहिली फेरी

घराच्या आसपास, पायी परत येता येईल एवढीच. पहिल्या शंभर मीटरला ब्रेक चार वेळा लावून बघा. परत आल्यावर चारही हबला हात लावा, एक जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय. बोनेट उघडून खाली कागद पसरा, सकाळी कुठे काय गळलंय ते कागद सांगतो. हेडचे नट, मॅनिफोल्डचे नट, होजच्या पट्ट्या परत आवळा. ऑइल शंभर-दीडशे किलोमीटरवरच बदला, जो गाळ सुटलाय तो त्यात आलेला असतो.

आणि पेट्रोल फिल्टर. काचेचा नको, तुटला की आग, पण आतलं दिसेल असा प्लास्टिकचा चांगला घ्या आणि दोन-तीन डिकीत टाकून ठेवा. टाकी कितीही धुतली तरी रस्त्यावर पेट्रोल हिंदकळायला लागलं की कोपऱ्यातला गंज सुटून येतो, माझ्या गाडीने पहिल्या महिन्यात तीन फिल्टर खाल्ले, चौथा अजून पिवळा आहे.